राणीच्या दवंडीचा माइक

"हे मांजर काढा," सायमन म्हणाला.

"मांजर काढलं तर वारा बोलेल, तुमचा माणूस नाही," मी म्हणालो. हे तोंडातून मराठीत गेलं. मग तेच माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "नो कॅट, ओन्ली विंड टॉकिंग."

आम्ही वेलिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर उभे होतो. दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवरून राणीचा हुकूम वाचला जाणार होता. तो खाली जमलेल्या लोकांना ऐकू जावा म्हणून माइक आणि स्पीकर लावायचं काम आमच्याकडे आलं होतं. आमच्याकडे म्हणजे वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआ गावच्या मेरेबाईकडे. मी तिच्याकडे कामाला. सायमन हा कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा तिथला अधिकारी. माणूस चांगला, पण फार टापटिपीचा. बूट असे चमकवलेले की त्यात तोंड बघावं.

मांजर म्हणजे माइकवर चढवायची केसाळ टोपी. उघड्यावर माइक ठेवला की वारा सरळ त्याच्या तोंडात शिरतो आणि स्पीकरमधून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. त्या केसांत वारा अडकतो आणि माणसाचा आवाज तेवढा आत जातो. या धंद्यातले इकडचे लोक तिला मेलेलं मांजरच म्हणतात. आम्ही कराडला रुमाल गुंडाळायचो. काम तेच.

"फोटोत काय दिसेल ते?" सायमन म्हणाला. "राणीचा हुकूम आणि त्याच्यासमोर मेलेलं जनावर."

"फोटो ऐकू येतो का?"

मेरे मध्ये पडली. "आना, गप्प बस. सायमन, माझ्याकडे काळं आहे, छोटं. लांबून कळणार पण नाही."

"काळं चालेल."

"स्वीट ॲज," मेरे म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत झकास, आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. मिटलं भांडण.

आता मी कोण ते सांगतो. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढे लाऊडस्पीकर. लग्न, गणपती, कुस्त्यांचा फड, पुढाऱ्यांची सभा, जिथे चार माणसं जमतील तिथे आमचा कर्णा. सगळं आयुष्य त्यात गेलं. मुलगा प्रशांत शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, तिथून न्यूझीलंडला आला. आम्ही नवराबायको आधी सहा महिन्यांसाठी आलो. मग त्याने कागदपत्रं करून ठेवून घेतलं. दुसऱ्या हिवाळ्यात कुसुम गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. याच्यावर जास्त मला लिहिता येत नाही.

त्यानंतर घरात दिवसभर मी एकटा. प्रशांत आणि सूनबाई कामावर, नात शाळेत. फ्रिजमध्ये दूध असताना मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचो, नुसता कोणीतरी 'किया ओरा' हा इकडचा रामराम करावा म्हणून. तसाच एकदा जाताना एका गॅरेजमधून स्पीकरची शिट्टी ऐकू आली. ती कानाला लागणारी किंचाळी सगळ्यांनी ऐकली असेल. माइकने स्पीकरचाच आवाज पुन्हा गिळला की ती येते. मला ती सहन होत नाही. आत गेलो, न विचारता माइकचं तोंड फिरवलं, शिट्टी बंद झाली. समोर एक धिप्पाड माओरी बाई हातात वायर घेऊन उभी.

"तू कोण?"

"लाऊडस्पीकर," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

ती मेरे. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, आवाज माझ्याहून मोठा. चर्च, लग्न, मयत, रग्बी क्लब, सगळीकडे तिचं सामान भाड्याने जायचं. तिच्याकडे वजन उचलणारी पोरं होती, पण आवाज कळणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मला गावी अण्णा म्हणतात असं सांगितलं. तिला तो जोड 'ण्ण' जमेना, म्हणून आना. आठवड्यातून दोन-तीन दिवस मी जायला लागलो.

प्रशांतला ते अजिबात आवडलं नाही.

"बाबा, या वयात खोकी उचलायची? तुमच्या गुडघ्यांचे एक्सरे मी बघितलेत."

"खोकी पोरं उचलतात. मी कान लावतो."

"आणि उद्या कुठे पडलात तर? आईच्या वेळी मी..." मग म्हणाला, "हे संसदेचं काम झालं की बंद. मला शब्द द्या."

"नीट झालं तर चालू, बिघडलं तर बंद," मी म्हणालो.

"हे काय लग्नातलं देणंघेणं आहे का?"

सूनबाई हसली. पण तो शेवटी हो म्हणाला. संसदेचं काम नीट होणार नाही असं त्याला वाटत असावं. मला रात्रभर एकच दिसत होतं, की हे गेलं तर पुन्हा डेअरी आणि दूध.

मेरेचं तर त्याहून जास्त टांगलेलं होतं. नेहमीची मोठी कंपनी त्या दिवशी दुसरीकडे गुंतली होती म्हणून आम्हाला बोलावणं आलं. काम छोटं. पण निवडणूक झाली की नव्या संसदेचं उद्घाटन असतं, आणि ते मोठं. आत-बाहेर स्पीकर, बँड, सलामी, सगळं. सायमनने साफ सांगितलं होतं, "उद्याचं बघू, मग त्याचं ठरवू."

मला हा समारंभ काय ते आधी कळलं नव्हतं. मेरेने गाडीत समजावलं. इथली संसद तीन वर्षांची. मुदत भरत आली की ती बंद करावी लागते. खासदार आपोआप घरी जात नाहीत, त्यांना राणीने घालवावं लागतं. राणी म्हणजे इंग्लंडची, तेव्हा तीच इथलीही; ती राहायची लंडनला. इथे तिच्या वतीने गव्हर्नर जनरल असतात, ते हुकमावर सही करतात. मग एक अधिकारी संसदेच्या पायऱ्यांवर उभा राहून तो हुकूम मोठ्याने वाचतो, की आमच्या आज्ञेने ही संसद विसर्जित झाली. तेवढं वाचलं की आतले सगळे खासदार घरी. मंत्री मात्र राहतात. मंत्री सगळीकडे राहतातच.

"म्हणजे दवंडी," मी म्हणालो.

"काय?"

"आमच्या गावात डफ वाजवून सांगायचे. उद्यापासून पाणी बंद. ऐका हो ऐका."

"तेच," मेरे म्हणाली. "फक्त डफ नाही, आपण आहोत."

मला ते पटलं. दवंडी ऐकू आली नाही तर ती दवंडीच नाही. सायमनला मी तालमीच्या वेळी असं म्हणालो, तर तो म्हणाला, कायद्याने तसं नाही, हुकूम छापला जातो, कोणाला ऐकू आला नाही तरी संसद बंदच. मी म्हटलं, मग वाचता कशाला?

तालमीत आम्ही एका स्टँडच्या आडव्या दांडीवर दोन माइक बांधले. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. ही जुनी रीत आहे. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवली आणि तिच्यावर सायमनच्या समाधानासाठी काळं कापड. स्पीकर दोन बाजूंना, खाली लोकांकडे तोंड करून. बाजूला आमचं टेबल. त्यावर मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटणांचं खोकं. टीव्हीवाल्यांनी त्यातूनच एक वायर घेतली. त्यामुळे आमच्या माइकला जे ऐकू जाईल तेच देशाला ऐकू जाणार.

मग सायमनने नियम सांगितला. "दारं उघडली आणि मंडळी बाहेर आली की पायऱ्यांवर त्यांच्याशिवाय कोणी जायचं नाही. कोणीही. काहीही झालं तरी."

"माइक हलला तर?"

"हलणार नाही."

"वेलिंग्टनला?"

"आना," मेरे म्हणाली.

"मी एवढंच विचारतो, हलला तर कोण जाणार?"

"कोणी नाही," सायमन म्हणाला. "तो राणीचा समारंभ आहे. मध्ये कोणी तडमडत नाही."

इथे मी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे सभा चालू असताना माइकवाला मंचावर जातो. बिनधास्त जातो. साहेब बोलत असतात, हात हवेत असतो, आणि हा खालून वाकून येतो, माइक दोन बोटं वर करतो आणि वाकूनच परत जातो. साहेबही थांबत नाहीत, लोकही बघत नाहीत. माइकवाला वाकला की तो दिसत नाही असं धरून चालतात. कुसुम म्हणायची, अख्ख्या जिल्ह्याने माझ्या नवऱ्याचं तोंड बघितलेलं नाही, पाठ तेवढी ओळखतात. पाठ हा शब्द मी घातला. ती दुसरा वापरायची.

आणि कुसुमचंही एक काम असायचं. मिक्सरजवळ बसलेल्याला पुढचं ऐकू येतं, मागचं येत नाही. गर्दीच्या शेवटच्या माणसाला काय ऐकू येतं हे मागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून ती मागे जाऊन उभी राहायची. ऐकू येत नसेल तर हात कानाला. ठीक असेल तर डोक्यावरचा पदर सारखा करायची. एवढंच. हजारो माणसांत मला तो एक हात दिसायचा. प्रशांत लहान असताना तिच्या कडेवर असायचा.

त्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा वारा होता. वेलिंग्टनला वारा असतो हे सांगणं म्हणजे कृष्णेला पाणी असतं हे सांगणं. मेरेने बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाली, "बरा आहे. आज छपरं जागेवर आहेत."

लोक फार नव्हते. एक शाळेचा वर्ग, काही पर्यटक, जेवणाच्या सुट्टीत आलेले आजूबाजूच्या ऑफिसांतले लोक, टीव्हीवाले. मी सवयीने विचारलं, "मागे कोणाला उभं करायचं?"

"कोणी नाही," मेरे म्हणाली. "तू आणि मी. पोरं गाडीजवळ आहेत."

मी काळा कोट घातला होता. प्रशांतच्या लग्नातला. खिशात पाना आणि चिकटपट्टी.

दारं उघडली. चौघे बाहेर आले. एकाच्या हातात काळी काठी. ती राणीच्या अधिकाऱ्याची खूण, असं मेरेने कानात सांगितलं. मधले गृहस्थ उंच, वयस्कर, छातीवर पदकं. हुकूम वाचणारे ते. खाली सगळं गप्प झालं. मला बरं वाटलं. आमच्याकडे एवढी गप्प गर्दी मी कधी बघितली नव्हती.

त्यांनी कागद उलगडला. मोठा, जाड कागद. पहिले शब्द स्पीकरमधून स्वच्छ आले. मेरेने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

तेवढ्यात वाऱ्याने कागदाला हात घातला. कागद पतंगासारखा उभा राहिला. त्यांनी तो दाबून धरायला कोपर वर केलं, आणि कोपर दांडीला बसलं. यात कोणाची चूक नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच केलं असतं. पण दांडी गिरकी घेऊन खाली गेली आणि दोन्ही माइक त्यांच्या बुटांकडे बघायला लागले. एका दांडीवर दोन बांधायचा हा तोटा. पडले तर दोन्ही पडतात.

स्पीकरमधून आता फक्त वारा आणि बुटांची चरचर.

मेरेने आवाज वाढवला. शिट्टी आली. सगळ्यांनी माना वळवल्या. तिने पटकन कमी केला. पुन्हा वारा.

वाचणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. स्पीकर त्यांच्या पुढे, तोंड लोकांकडे. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज नेहमीच ऐकू येतो. ते शांतपणे वाचत होते. टीव्हीचा माणूस कानावरचं यंत्र दाबून आमच्याकडे बघत होता. सायमन पायऱ्यांच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा पांढरा चुन्यासारखा, पण पाय हलला नाही. काठीवाले हलले नाहीत. सगळे बघत होते आणि सगळे नीट उभे होते.

"गेलं," मेरे पुटपुटली. "उद्घाटन गेलं, आना."

मी मागे बघितलं. का बघितलं ते सांगू शकत नाही. सवय. गर्दीच्या शेवटी, झाडाखाली, निळ्या जाकिटातला एक माणूस उभा होता. त्याने हात कानाला लावला होता.

प्रशांत. ऑफिसातून आला होता, मला न सांगता. आणि हात तसाच लावला होता जसा त्याची आई लावायची. पंजा उघडा, कोपर बाहेर.

मग काय बघायचं होतं. मी वाकलो.

वाकून जाण्यातही रीत असते. पळायचं नाही, पळालं की नजरा वळतात. डोकं बोलणाऱ्याच्या कमरेखाली ठेवायचं. कडेने जायचं, समोरून नाही. लोकांकडे बघायचं नाही. आपण त्यांच्याकडे बघितलं नाही की ते आपल्याकडे बघत नाहीत, असा आमचा समज. मागून मेरेचा आवाज आला, "आना, नो. नो नो नो." मी पहिली पायरी चढलो होतो.

एक सिक्युरिटीवाला दोन पावलं पुढे आला. मेरे त्याला म्हणाली, "तो आमचाच आहे." ती हे इतक्या जोरात म्हणाली की ते स्पीकरशिवायही शेवटपर्यंत गेलं असेल. काठीवाल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे खाली बघितलं. मी वाकल्या वाकल्या त्यांना नमस्कार केला आणि थांबलो नाही. त्यांनी काठी चार बोटं बाजूला घेतली. मोठा माणूस.

दांडी उचलली, स्क्रू पिळला. धरेना. गिरकीत त्याचे आटे गेले होते. सोडली की दांडी पुन्हा खाली. चिकटपट्टी काढायला दोन हात लागतात आणि माझा एक हात दांडीला. मग मी सोपं केलं. त्यांच्या खालच्या पायरीवर उकिडवा बसलो, दांडी हातात धरली, माइक त्यांच्या हनुवटीसमोर नेले आणि पाठ वाऱ्याकडे केली. आता वारा माझ्या कोटात, आवाज माइकमध्ये.

ते थांबले. कागदावरून नजर काढून खाली माझ्याकडे बघितलं. कोणीतरी राणीच्या हुकुमाच्या मध्ये पायाशी येऊन बसलंय, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच होत असणार. मी बोटाने माइक दाखवला, मग बूट दाखवले, मग मान हलवली. त्यांना कळलं. हुशार माणूस. त्यांनी लोकांकडे बघितलं, कागद सरळ केला, घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.

तो आवाज काय गेला म्हणून सांगू. समोरच्या इमारतींवर आपटून परत आला. आवाज परत आला की समजायचं शेवटपर्यंत गेला. मला इंग्रजी सगळं कळत नव्हतं. राणीचं नाव, तिची लांबलचक बिरुदं, मग आज्ञा, मग विसर्जन. शब्द माझ्या डोक्यावरून जात होते, अगदी खरंच डोक्यावरून, आणि मी खाली गुडघ्यांना शिव्या देत होतो. त्यांनी शेवटी "गॉड सेव्ह द क्वीन" म्हटलं. खालून लोकांनीही म्हटलं. शाळेची पोरं सगळ्यात जोरात.

संसद बंद झाली. माझ्या हातात दांडी तशीच.

ते वाकले आणि हळूच म्हणाले, "थँक यू, सर."

पण माइक चालू होता. ते थँक यू अख्ख्या मैदानात गेलं, टीव्हीच्या वायरीतून देशभर गेलं. आधी कोणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या. राणीच्या हुकमाला टाळ्या वाजवत नाहीत असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या हुकमाला नव्हत्याच.

मी मागे बघितलं. झाडाखाली प्रशांत उभा होता. आता पदर तर नाही त्याला. त्याने हात डोक्यावर ठेवला आणि केस सारखे केले.

मला उठता येईना. खरंच येईना. गुडघे अडकले. काठीवाल्यांनी एका हाताने मला उभं केलं.

खाली सायमन वाट बघत होता. "मी सांगितलं होतं, पायऱ्यांवर कोणी जायचं नाही."

"मी गेलो नाही. वाकून गेलो."

मेरे दुसरीकडे तोंड करून खांदे हलवत होती. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"आमच्याकडे वाकून गेलेलं धरत नाहीत," मी म्हणालो.

"आमच्याकडे धरतात," सायमन म्हणाला. पण पुढे काही बोलायच्या आत हुकूम वाचणारे साहेब स्वतः पायऱ्या उतरून आले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मला कळलंच नाही की आवाज जात नव्हता."

"बोलणाऱ्याला कधीच कळत नाही," मी म्हणालो. मेरेने ते नीट इंग्रजीत करून सांगितलं. ते मोठ्याने हसले. म्हणाले, हे आत बसणाऱ्यांना सांगायला हवं होतं, पण आता उशीर झाला, सगळे घरी गेले. मग ते सायमनकडे वळले, "या गृहस्थांना कुठून शोधलंत?"

सायमन टापटिपीचा होता पण मूर्ख नव्हता. "आम्ही चांगलीच माणसं घेतो," तो म्हणाला.

प्रशांत गर्दीतून पुढे आला. मेरेने त्याला ओळखलं, माझ्या पाकिटातला फोटो तिने बघितला होता. "तू तोच ना, आनाला खोकी उचलू न देणारा?" असं तिने त्याला तोंडावर विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "बाबा, कोटाची शिवण उसवलीय मागे."

"कधी?"

"पहिल्या पायरीवर."

संध्याकाळी बातम्यांत दाखवलं. थँक यू पण दाखवलं. माझा चेहरा कुठेच नव्हता, फक्त मागची बाजू. नात सोफ्यावर उभी राहून म्हणाली, "आजोबा, युअर बम वॉज ऑन टीव्ही." सूनबाई तिला रागावली. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या आजीचंच वाक्य आहे. मग प्रशांत उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. मीही गेलो. त्याने चहा केला, साखर जास्त घातली, तिच्यासारखी.

"तू का आलास?" मी विचारलं.

"मागे कोणीच नव्हतं ना तुमच्याकडे," तो म्हणाला. "आई असती तर गेली असती."

काही दिवसांनी मेरेच्या गॅरेजमध्ये फोन वाजला. सायमन होता. उद्घाटनाचं काम आमचं. मेरेने फोनवर तोंडभर "ओ, स्वीट ॲज, सायमन" म्हटलं, फोन ठेवला आणि मग अशी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तिने मला उचललं. खरोखर उचललं.

"एक अट आहे," ती म्हणाली.

"मांजर?"

"नाही. पायऱ्यांच्या कडेला एक खुर्ची ठेवणार आहेत. काळ्या कापडाची. तू आधीपासून तिथे बसायचं. म्हणजे मध्ये तडमडत जावं लागणार नाही."

म्हणजे राणीच्या समारंभात माइकवाल्याला अधिकृत जागा मिळाली. मी मात्र तिला सांगितलं, दांडी नवीन घे, आणि एका दांडीवर दोन माइक पुन्हा बांधायचे नाहीत, दोन वेगळ्या दांड्यांवर बांधू. जुन्या रीती चांगल्या असतात, पण वेलिंग्टनच्या वाऱ्यासाठी केलेल्या नसतात.

उद्घाटनाला प्रशांतने रजा टाकली आणि मागे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याला एकदाही हात कानाला लावावा लागला नाही. मीही खुर्चीतून उठलो नाही. काम इतकं नीट झालं की सांगण्यासारखं त्यात काहीच नाही, म्हणून हे आधीचं लिहिलं.

या धंद्यात येणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. यंत्र कुठलंही घ्या, मागे आपलं एक माणूस उभं करा. त्याने कानाला हात लावला की मानपान बघू नका, वाका आणि जा. कोट मात्र जरा सैल शिवून घ्या.